डावा खाली, उजवा वर

“डावा खाली, उजवा वर. मध्ये थोडी खोबण. अगं, खोबण म्हटलं मी! तू तर विहीर खणलीस.”

बारा मुलं फिदीफिदी हसली. जिने विहीर खणली होती तिने बोटं जरा सैल सोडली, तेव्हा काटेकाकांनी तिच्या तळहातावर मनगटी घड्याळाची एक जुनी काच ठेवली. गोल, पातळ, नाण्याएवढी.

“ख्रिस्ताचं शरीर. हे आता नुसतं सरावापुरतं म्हणतोय बरं का. ही काच आहे, तोंडात घालायची नाही. मागच्या वर्षी एकाने चाटून बघितली होती.”

“कशी लागली?” मागून कुणीतरी विचारलं.

“घड्याळासारखी,” काका म्हणाले, “तेव्हापासून तो कुठेही वेळेवर पोचतो. चला, पुढचा!”

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. चौकातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात त्यांची पंचेचाळीस वर्षं गेली होती. मुलांनी घड्याळाच्या काट्यांवरून नाव पाडलं आणि मोठ्यांनी ते उचललं. रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, संपली की चर्चच्या मागच्या सभागृहात ते वर्ग घेत. पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली पातळ गोल भाकर, घेणाऱ्या मुलांना तो हातावर कसा घ्यायचा, हे शिकवणं एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. सरावाला काच कशासाठी, तर काच पडली की फुटते. बिस्कीट पडलं तर मुलं उचलून खातात आणि शिकत काही नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

“सोन्याचा चुरा हातावर दिला तर कसा धराल?” ते विचारत. “एक कण तरी सांडू द्याल? मग हे तर सोन्याहून मोलाचं. डावा हात म्हणजे सिंहासन. राजा यायचाय, तो उजव्यावर बसणार, आणि उजव्याला खालून डाव्याचा आधार. हे काही माझ्या मनचं नाही. सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपांनी नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना असंच समजावलं होतं. ते लिहून ठेवलेलं आहे म्हणून आपल्याला कळतं.”

तीच तर गोम होती. बाकी सगळीकडे लोक डावा हात वर ठेवत, डाव्यावर घेत आणि उजव्याने उचलून तोंडात घालत. पण एकतीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या थोरल्या फादरांनी काकांना चर्चच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं. ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत ज्यांनी लिहिलं, त्या धर्मपित्यांचे उतारे. काकांनी ते तीनदा वाचलं आणि महत्त्वाचं ते दुकानातल्या वहीत, कुणाच्या घड्याळाला काय झालंय त्या नोंदींच्या मधे मधे उतरवून घेतलं. आणि पुढच्याच रविवारपासून मुलांचे हात उलटे झाले. आता हालत अशी होती की रांगेत माणूस हात पुढे करी आणि कुणाच्या हाताखालून गेलाय ते कळे. चर्चमध्ये ‘वरचे डावे’ आणि ‘वरचे उजवे’ असे दोन पक्ष पडले होते. लग्नं जमायची ती दोन्ही पक्षांत जमायची, एवढंच नशीब.

आता बाराव्या मुलीची पाळी आली. काकांनी डबीतून शेवटची काच उचलली. चिमटीत धरली. उजव्या हाताचा अंगठा एकदा थरथरला, मग मनगट, आणि काच मुलीच्या बोटांवर टिचकी मारून खाली गेली.

फरशीवर तिचे चार तुकडे झाले.

काकांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.

“बघितलंत?” ते मोठ्याने म्हणाले. “असं पडतं! लक्ष नसलं की असं होतं. म्हणून मुद्दाम दाखवलं.”

“मुद्दाम?” ती मुलगी डोळे मोठे करून म्हणाली. “पण काका, तुम्ही तर दचकलात.”

“ते पण मुद्दाम.”

दारात छोटे फादर उभे होते. वर्षभरापूर्वीच आलेले, तरुण, चालताना पायऱ्या दोन दोन उतरणारे. त्यांनी स्वतः झाडू आणून तुकडे गोळा केले आणि मुलं पांगल्यावर म्हणाले, “काका, एक विचारू?”

काकांनी हात खिशात आणखी खोल सारला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!

“परवा एक पाहुणे फादर माझ्याबरोबर ख्रिस्तप्रसाद देत होते. म्हणाले, तुमच्याकडे एवढे डावखुरे कसे?”

काकांचा जीव भांड्यात पडला. “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, डावखुरे नाहीत, सोळाशे वर्षं जुने आहेत.” फादर हसले. “चालतं हो, दोन्ही चालतं. आदराने घेतलं म्हणजे झालं. बरं, ही तुमची डबी. आज दोघंच आहेत ना?”

“दोघंच. ड्रायव्हर आणि हेडबाई.”

ती डबी, हाताच्या तळव्यात मावणारी, आतून सोन्याचा मुलामा दिलेली, काकांनी छातीवरच्या कापडी पिशवीत ठेवली. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांना रविवारचा ख्रिस्तप्रसाद घरी नेऊन द्यायचा, हे काम त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होतं. त्यांच्या साध्यासुध्या आयुष्यात अभिमान वाटावा असं हे एकच होतं. दुकान काय, कुणाचंही असतं. पण ही डबी छातीवर आली की काका ताठ चालत. वाटेत कुणाशी बोलत नसत. ओळखीचे लोकही रविवारी त्या वेळी त्यांना हाक मारत नसत, नुसते बाजूला होत. वहीत त्यांनी तेही उतरवून ठेवलं होतं. अठराशे वर्षांपूर्वी एकाने राजाला कळावं म्हणून लिहिलं होतं की आम्ही रविवारी जमतो, वाचतो, प्रार्थना करतो, भाकर वाटतो, आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती पाठवतो. ‘सेवकांच्या हाती.’ काकांनी त्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली होती.

आणि आता हात असा करू लागला होता.

सुरुवात दुकानात झाली. चिमट्यात धरलेला तिळाएवढा स्क्रू उडाला तो अजून सापडायचा आहे. काका म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला. मग त्यांनी हळूहळू दुरुस्तीचं टेबल लेकीकडे सरकवलं आणि आपण गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला पुढे बसले. लेक सात महिन्यांच्या बाळाला शेजारी झोळीत निजवून चाकं साफ करी, बाळ रडलं की पायाने झोळी हलवी आणि हाताने स्प्रिंग बसवी. तिचा हात बापाचाच होता. काकांना वाटत होतं, तिला काही कळलेलं नाही. फादरांना कळलं तर डबी जाणार, ही एकच भीती त्यांना होती. म्हणून झाकली मूठ खिशात ठेवून ते चार महिने रेटत होते.

निघताना त्यांनी अंगठ्याने कपाळावर छोटासा क्रूस काढला. घराबाहेर पडताना, पायांत जोडे घालताना, दिवा लावताना आपण कपाळावर ही खूण करतो, असंही त्या जुन्या लोकांतल्या एकाने लिहून ठेवलं होतं. काका तर घड्याळ उघडतानाही करायचे. बायको होती तेव्हा म्हणायची, “त्या बिचाऱ्याने घड्याळाचं नव्हतं हो लिहिलं.” “तेव्हा घड्याळं नव्हती,” काका उत्तर द्यायचे, “नाहीतर लिहिलं असतं.”

ड्रायव्हर दुसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर. तीस वर्षं बस चालवून त्याचे गुडघे गेले होते आणि कान अर्धे. त्याची सून दार उघडून बाजूला झाली. काकांनी टेबलावर लहानसं पांढरं कापड अंथरलं, डबी त्यावर ठेवली, प्रार्थना म्हटली. मग ख्रिस्तप्रसाद उचलला.

“ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन!” ड्रायव्हर असा ओरडला की समोरच्या इमारतीत कुत्रं भुंकलं. काकांचा हात त्याच्या तळहाताभोवती घुटमळला, एकदा इकडे, एकदा तिकडे. ड्रायव्हरने डोळे बारीक केले आणि सरळ काकांचं मनगट पकडून खाली आणलं, गिअर टाकावा तसं.

प्रार्थना संपल्यावर तो कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते कुजबुजला. “काका, इंजिन थरथरतंय का हो?”

आतून सुनेची भांडी वाजायची थांबली.

“थंडी आहे,” काका म्हणाले.

“काय?”

“थंडी!”

“पंखा लावलाय की,” ड्रायव्हर म्हणाला, आणि मग काय समजलं कोण जाणे, त्यांच्या खांद्यावर थोपटत राहिला.

हेडबाईंचं घर दोन जिने वर. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याऐंशी, कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर. पण जीभ शाबूत. काका आणि त्या, दोघांचं भांडण एकतीस वर्षांचं. त्या पक्क्या ‘वरच्या डाव्या’. पहिल्याच वर्षी काकांनी हात उलटे शिकवले तेव्हा त्या सभागृहात येऊन म्हणाल्या होत्या, “घड्याळ उलटं फिरवलंत म्हणून काळ मागे जातो का?” आणि आता पलंगावर आल्यापासून दर रविवारी काका दारात आले की त्या मुद्दाम डावा हात वर करून बसत.

आजही बसल्या होत्या.

“उशीर झाला,” त्या म्हणाल्या. “घड्याळजींना उशीर!”

“चार मिनिटं.”

“पाच.”

काकांनी डाव्या हाताने पिशवीतलं दुसरं कापड काढलं, बाईंच्या मांडीवरच्या फळीवर अंथरलं. डाव्यानेच सुरकुत्या काढल्या. बाई बघत होत्या. प्रार्थना झाली. काकांनी डबी उघडली, ख्रिस्तप्रसाद उचलला आणि मनात म्हणाले, आत्ता नको, आत्ता नको.

“ख्रिस्ताचं...”

तो चिमटीतून सुटला. बाईंच्या हातांना चुकवून खाली आला आणि पांढऱ्या कापडावर, अगदी मधोमध, पडून राहिला.

एकतीस वर्षं मुलांना सोन्याचा चुरा सोन्याचा चुरा म्हणून घोकवलं, आणि हे! खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी होती. तेही त्यांनीच दुरुस्त केलेलं.

“ख्रिस्ताचं शरीर,” बाईंनी त्यांचं वाक्य हलकेच पुरं केलं. “आमेन.” आणि वाकून, दोन बोटांनी, त्यांनी तो स्वतः उचलून घेतला. मग बोटाच्या टोकाने कापड टिपून काढलं. एक कण राहिला नाही.

प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे उघडल्यावर त्या म्हणाल्या, “बसा.”

काका बसले.

“पडला नाही तो. कापडावर आला. कापड त्यासाठीच अंथरतात. आता सांगा, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“अहो, चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्यात. कुणाचा हात दुखत होता आणि कोण घरून मार खाऊन आला होता, ते मला अक्षरावरून कळायचं. तुम्ही तीन महिने डाव्या हाताने कापड अंथरताय.”

“चार,” काका म्हणाले.

“फादरांना सांगितलंत?”

“नाही.”

“का?”

काकांनी खिशातला हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो तिथेही स्वस्थ बसेना. “बाई, मला दुसरं काही येत नाही हो. चिमटा गेला, तेव्हा मी काही बोललो नाही. पण हे...”

बाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं. मग विचारलं, “तुमच्या त्या वहीत काय आहे? रविवारी आलेले नसत, त्यांना कोण नेऊन द्यायचं?”

“सेवक. त्यांच्या हाती पाठवायचे.”

“आणि ते सेवक म्हातारे झाले, की?”

काकांनी मनातल्या मनात वही चाळली. “ते काही लिहिलेलं नाही.”

“मग लिहून घ्या, मी सांगते,” बाई म्हणाल्या, अगदी शुद्धलेखन घालावं तशा सावकाश. “सेवक म्हातारे झाले. मग त्यांच्या घरी दुसरं कुणीतरी घेऊन आलं. तसं झालं नसतं, तर अठराशे वर्षं हे तुमच्या छातीपर्यंत पोचलं असतं का? एकाच माणसाने चालत आणलं होतं की काय?”

काकांना हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं, पण आधी हसू आलं.

“दाखवा बघू, तुमचं ते सिंहासन,” बाई म्हणाल्या.

“आत्ता?”

“मी काय रोज विचारते? दाखवा.”

काकांनी डावा हात पुढे केला आणि उजवा त्यात ठेवला. तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात द्यावा, तसा डावा उजव्याखाली गेला. उजवा थोडा धडपडला, मग शांत होत गेला. अगदी थांबला नाही. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक संथ हलावा तेवढं राहिलं. काका आपल्याच हातांकडे बघत राहिले. एकतीस वर्षं शिकवलं, आणि आधार कशाला म्हणतात ते आज कळत होतं.

“उलटं करून बघा. माझ्यासारखं.”

त्यांनी डावा वर घेतला. खालून उजव्याने सगळंच डळमळायला लावलं.

“हं,” बाई म्हणाल्या. “तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या बिशपांनी तुमचा हात बघितला होता, एवढं मान्य करते.”

डबी परत करायला काका चर्चमध्ये गेले तेव्हा छोटे फादर वेदीवरची फुलं बदलत होते. काकांनी वाटेत सहा वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकच बाहेर आलं. “फादर, ती काच मुद्दाम नव्हती.”

फादरांनी फुलं खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डॉक्टरांकडे उद्या मी बरोबर येतो. वर्ग सोडणार का?”

“वर्ग कसा सोडीन? तिथे काच मुलांच्या हातात असते.”

“आणि डबी? कुणाला द्यावी वाटतं?”

काकांना विचार करावा लागला नाही. पण घरी जाऊन लेकीला सांगायचं कसं, ते कळेना. दुकानामागच्या घराचं दार उघडं होतं. ती बाळाला भरवत होती. निम्मं बाळाच्या गालावर, निम्मं तिच्या बाहीवर. काकांनी घसा खाकरला, हवापाण्याचं काढलं, मग हाताचं सांगितलं, मग डबीचं.

“बाबा,” ती म्हणाली, “चार महिने तुम्ही बाळाला उभ्याने घेतलेलं नाही. आधी भिंतीला टेकून बसता, मग मांडीवर द्या म्हणता. मला काय कळत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही खिशातून हात काढायची मी वाट बघत होते.” तिने बाळाचं तोंड पुसलं. “डबीचं जमेल मला. पण हेडबाई मला घाबरवतात हो. मी त्यांच्या शाळेत गणितात नापास झाले होते.”

“त्या माझ्याशी एकतीस वर्षं भांडतायत. तू काय घेऊन बसलीस!”

दोन महिने गेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्या, हात थोडा आवरला, पण चिमटीचा भरवसा परत आला नाही. ख्रिस्तप्रसाद नेण्याचं लेकीचं शिक्षण झालं, फादरांनी तिच्यासाठी बिशपांची परवानगी मिळवली आणि मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्याच रविवारी तिच्या छातीवर पिशवी आली. बारा मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेने पुढे गेली. बारा डावे खाली, बारा उजवे वर. विहीर खणणारी मुलगी एवढी सावध होती की ख्रिस्तप्रसाद खाल्ल्यावरही एकावर एक धरलेले हात परत खाली आणायचेच विसरली आणि तशीच, काहीतरी उचलून नेत असल्यासारखी, जागेवर येऊन बसली. पुढच्या बाकावरचा पाहुणा कुजबुजला, “केवढे डावखुरे!”

काका रांगेत सगळ्यांत मागे होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हात एकावर एक ठेवले. छोटे फादर थांबले. दोन श्वास, तीन. लंबक संथ झाला. मग त्यांनी ख्रिस्तप्रसाद ठेवला. आणि काका ‘आमेन’ असं म्हणाले की पुटपुटणाऱ्या मुलांनी माना वळवून बघितलं.

मिस्सा झाल्यावर बापलेक निघाले. लेक पुढे, ताठ, कुणाशी न बोलता. काका एक पाऊल मागे. त्यांच्याकडे फक्त घडी केलेली दोन पांढरी कापडं होती. लोक बाजूला होत होते, नेहमीसारखे. ड्रायव्हरच्या ‘आमेन’ने कुत्रं भुंकलं, तेही नेहमीसारखं.

दोन जिने चढून वर आल्यावर लेकीने दारातच श्वास रोखला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “आज बेरीज-वजाबाकी नाहीये.”

काकांनी फळीवर कापड अंथरलं. लेकीने प्रार्थना म्हटली, डबी उघडली. तिच्या चिमटीत ख्रिस्तप्रसाद असा आला की काकांना त्यांचं दुकान आठवलं, तरुणपणातलं.

“ख्रिस्ताचं शरीर.”

हेडबाईंनी हात पुढे केले. डावा खाली. उजवा वर.

लेक क्षणभर थबकली आणि बापाकडे बघू लागली. काकांनी जणू काही बघितलंच नव्हतं. ते मान खाली घालून, डाव्या हाताने, कापडाच्या एका कोपऱ्यातली सुरकुती काढत होते.